नाताळचे अकरा खोके

“हे नको,” मी म्हणाले आणि हिल्डाने काढलेला चमकीचा तारा परत तिच्या पिशवीत कोंबला. “असले तारे दादरला ढिगाने मिळतात. ज्यांचा जीव गावात अडकलाय त्यांना हे पाठवून काय करायचं?”

“म्हणूनच तुझ्याकडे आले ना,” हिल्डा म्हणाली. “तू सांग.”

१९९४च्या नोव्हेंबरातला रविवार होता. चर्चमध्ये मिस्सा करून आम्ही दोघी वसईतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. हिल्डा आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. माझी आई गेली तेव्हा ती पंधरा दिवस आमच्याकडे झोपायला येत होती. पुढे मी गावातल्या शाळेत शिक्षिका झाले आणि ती अंधेरीला एका कंपनीत लागली. कंपनी काय करते, असं मी एकदा विचारलं होतं. “सल्ला देते,” ती म्हणाली होती. कोणाला आणि कसला, ते मी विचारलं नाही.

आता त्या कंपनीला नाताळच्या भेटी पाठवायच्या होत्या. आमच्या गावातून बाहेर गेलेल्या, पण गाव न विसरलेल्या माणसांना. केक आणि वाइन सगळेच देतात. तिच्या साहेबांना इथल्या मातीतलं काहीतरी हवं होतं. हिल्डाने अकरा नावांचा कागद माझ्यापुढे ठेवला.

“अकराच? आपले चाळीसेक लोक तरी बाहेर असतील.”

“पहिलं वर्ष आहे. जमलं तर पुढच्या वर्षी सगळ्यांना.”

यादीत दहावं नाव माझ्या भावाचं होतं. सिरिल, मस्कत.

“दादालासुद्धा?” मला हसूच फुटलं.

“त्याला आधी कळवू नकोस हं. गंमत जाईल.”

आम्ही घरात आमच्या सामवेदी बोलीत बोलतो. इथे ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे. पण ‘गंमत’ हा शब्द तिचाच. तो मला अजून तसाच ऐकू येतो.

भेटी मी निवडाव्यात हे साहजिक होतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पत्रं मीच लिहून देत असे. टोरांटोची इजाबेल मावशी, पुण्याच्या दोमेतील आणि रोजा या दोघी बहिणी, माहीमचे बस्त्याव काका, सगळ्यांची उत्तरं मीच वाचून दाखवत असे. कोणाला कशाची आठवण येते, ते मला माहीत होतं. इजाबेल मावशी दर पत्रात विचारायची की दुपारच्या प्रार्थनेची घंटा अजून तीच आहे की बदलली. रोजाला बकुळीच्या वासाने रडू यायचं. बस्त्याव काकांना त्यांच्या बापाचा रहाट आठवायचा. पूर्वी वाडीला पाणी द्यायला बैल जुंपून तो चालवत. त्याच्या माळेला बांधलेली मातीची गाडगी भरून वर येत आणि पन्हळीत रिकामी होत.

शाळा सुटली की मी त्या कामाला लागायचे. काकांची वाडी पडीक होती. निगडीच्या झुडपात दोन दिवस शोधल्यावर मला रहाटाचं एक गाडगं सापडलं, काठाला थोडं फुटलेलं. नारळाच्या काथ्याने घासून मी ते उन्हात वाळवलं. इजाबेल मावशीसाठी शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि एका सुट्टीच्या दिवशी बावखलाच्या काठावर बसून कॅसेट भरली. बावखल म्हणजे आमच्या घरामागचं तळं. पूर्वजांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि भोवतालच्या विहिरींना वर्षभर गोडं पाणी मिळतं. कॅसेटवर बाराची घंटा आली, खंड्याची शीळ आली, धुणं आपटणाऱ्या बायकांचं भांडणही आलं. ते मी पुसलं नाही. मावशीला ते घंटेहून जास्त आवडेल, असं मला वाटलं.

“दादाला काय पाठवू?” मी पपांना विचारलं.

माझे वडील, इनास, कमी बोलणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ केळीच्या वाडीत. ते म्हणाले, “सुकेळी पाठव. मीच सुकवतो.”

राजेळी केळी पिकवून, सोलून, कारवीच्या मांडवावर ते रोज उन्हात घालायचे. दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी आले की ते मांडवाजवळ वाकून एकेक केळं उलटत असलेले दिसायचे. आठव्या दिवशी मधाच्या रंगाची झाली. सुक्या केळीच्या पानात पपांनी ती बांधली आणि वर केळीच्या खोडाच्या सोपाच्या दोरीची गाठ मारली. सिरिल तीन वर्षांत घरी आला नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी हिल्डा खोके घेऊन आली. बुरडाकडून विणून आणलेल्या अकरा करंड्या आम्ही भरल्या. प्रत्येकीत वालाचं बियाणं होतं आणि त्या त्या माणसाची खास वस्तू होती. चिठ्ठ्या मी हाताने लिहायच्या असं ठरलं होतं.

“छापून घेऊ या ना,” मी म्हणाले होते.

“छापलेलं कोण वाचतं? तुझं अक्षर बघूनच त्यांना गावी आल्यासारखं वाटेल.”

मी लिहायला बसले. प्रत्येकाला वेगळं लिहिलं. हिल्डा शेजारी बसून दोऱ्या बांधत होती. मध्येच ती म्हणाली, “शेवटी एक ओळ टाक गं. ‘आपल्या बावखलासाठी काही चांगलं करायचं चाललंय, तुमची साथ हवी.’”

“काय करायचं चाललंय?”

“साहेब मनावर घेतायत. जलपर्णी काढायची, गाळ उपसायचा. पपा एकटे बांबूने किती वर्षं ओढत बसणार?”

“खरं सांगतेस?”

“तुझ्याशी खोटं बोलेन का मी?”

मी ती ओळ अकरा वेळा लिहिली. आवडीने लिहिली. खोक्यांना फीत लावून ऑफिसातून टपालात टाकते, असं सांगून हिल्डा ते रिक्षात घालून घेऊन गेली. पपा फाटकापर्यंत गेले. सिरिलचं खोकं इतर खोक्यांच्या खाली दबू नये म्हणून त्यांनी ते स्वतः वर ठेवलं.

तेवीस डिसेंबरला सकाळी मी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला कागदाचे डोंगर चिकटवत होते, तेव्हा फाटक वाजलं. माहीमहून बस्त्याव काका आले होते. सत्तरीचे, हातात काठी, अंगात कोट. पपांना त्यांनी मिठीच मारली.

“इनास, तुझ्या पोरीने मला रडवलं रे! माझ्या बापाच्या रहाटाचं गाडगं! सून म्हणाली, हे फुटकं काय पाठवलंय. मी म्हटलं, हात लावू नकोस, ते घरातल्या अल्तारावर, देवापाशी राहील.”

मी लाजले. पपा हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“आणि बावखलाचं चांगलं काम काढलंत,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “म्हटलं, काम सुरू होण्याआधी एकदा बघून यावं. सही केली लगेच.”

“कसली सही?” मी विचारलं.

“खोक्यात कागद होता तो. करंडीच्या खाली. परत पाठवायला तिकीट लावलेला लिफाफासुद्धा होता. तुझं अक्षर बघितल्यावर वाचायचं काय त्यात? पण सून हुशार, तिने झेरॉक्स काढून ठेवली.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दोन कागद काढून मला दिले. इंग्रजीत होते. पहिल्या परिच्छेदात गावचा वारसा आणि त्याचं जतन असं बरंच होतं. दुसऱ्या पानावर ते संपलं होतं. सही करणारा आपल्या वाट्याच्या वाडीचे आणि तळ्याचे विकासाचे हक्क कंपनीला द्यायला संमती देतो, आणि तिथे भराव घालून जमीन सपाट करायलाही त्याची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं.

“काय लिहिलंय?” पपांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. हळू सांगितलं, जणू हळू सांगितल्याने अर्थ बदलणार होता.

“भराव?” काका म्हणाले. “कशात भराव?”

“बावखलात, काका.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “पण साथ हवी असं तूच लिहिलंस ना, बाय?”

पपांनी विचारलं, “ती यादी आहे तुझ्याकडे?”

यादी माझ्या वहीत होती. मी एकेक नाव वाचलं. पपा खिडकीतून मागच्या वाडीकडे बघत होते आणि प्रत्येक नावाला मान हलवत होते. ही नावं माझ्यासाठी घंटेची, बकुळीची आणि रहाटाची होती. त्यांच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण तसा विचार कधी केला नव्हता. दादाचं नाव त्यात का, तेही आता कळलं. आजोबांनी मरताना आपला अर्धा हिस्सा थेट नातवाच्या नावे केला होता.

“अकराही एकाच सातबाऱ्यावर आहेत,” पपा म्हणाले. “बारावा मी.”

बस्त्याव काका उठले. “चहा टाकते,” मी म्हणाले. “नको,” ते म्हणाले आणि बावखल न बघताच स्टेशनच्या रिक्षात बसून गेले.

मी चप्पल घालून सरळ हिल्डाच्या घरी गेले. ती आईबरोबर नाताळच्या फराळाची कुलकुलं वळत होती. तिची आई म्हणाली, “ये गं सेलिन, चव बघ.” हिल्डाने माझ्या हातातले कागद पाहिले, हात पदराला पुसले आणि मला मागच्या अंगणात नेलं.

“हे काय आहे?”

“संमतीपत्र.”

“तू माझ्याशी खोटं बोललीस.”

“मी खोटं काय बोलले? काहीतरी चांगलं करायचं चाललंय, एवढंच म्हटलं. सोसायटी होईल, रस्ता येईल, दिवे येतील. तुला ते चांगलं वाटत नाही, हा तुझा प्रश्न.”

“गाळ उपसणार म्हणाली होतीस!”

“मग काय म्हणायला हवं होतं? तू लिहिलं असतंस?”

“नसतं लिहिलं.”

“बघ,” हिल्डा म्हणाली. तिने आवाजही चढवला नव्हता. “ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यातलं कोण परत येणार आहे इथे राहायला? आठवण येते म्हणून रडायचं आणि तिकडे फ्लॅटमध्ये राहायचं. त्यांना पैसे मिळतील, करंडीपण मिळाली. कोणाचं काय गेलं?”

“त्यांनी माझ्या अक्षरावर सही केली, हिल्डा. तुझ्या साहेबांना कोण ओळखतं?”

“तेच तर,” ती म्हणाली आणि थांबली. मग तिच्या तोंडाचा रंग थोडा बदलला. “माझ्यावरच कशाला ओरडतेस? मला कुठे सुचलं होतं हे? आम्ही साधी पत्रं पाठवणार होतो. तुझ्या सिरिलला विचार.”

“दादाला काय विचारू?”

“ऑक्टोबरातच त्याची सही झालीय. सगळ्यांच्या आधी. तो म्हणाला, नुसती पत्रं पाठवून कोणी सही करणार नाही. सेलिनला घे. कोणाला काय आवडतं ते तिला माहीत आहे, आणि तिचं अक्षर सगळे ओळखतात. भेटींची कल्पना त्याची. मी फक्त खोके आणले.”

आतून तिची आई ओरडली, “अगं, तेल तापलंय!”

घरी येताना मी बावखलाला वळसा घालून आले. पपा पायरीवर बसले होते. “काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“कंपनीचं काम होतं म्हणाली.”

“सिरिलला कळवायला हवं. त्यानेपण न वाचता सही केली असेल तर?” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, घाबरू नकोस. तुझी चूक नाही, तुला फसवलंय.”

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, भेटी कोणाला सुचल्या ते मला सांगता आलं नाही. त्या दुपारी दहा पत्रं लिहिली. ‘माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं. सही परत घ्या,’ असं लिहिलं. अकरावं पत्र लिहिलं नाही.

नाताळच्या सकाळी मिस्साहून आल्यावर पपा नवा सदरा न काढता फोनशेजारी बसून राहिले. सिरिल दर नाताळला अकराच्या सुमाराला फोन करायचा. घंटा वाजली आणि मी त्यांच्या आधी रिसीव्हर उचलला.

“हॅपी ख्रिसमस, सेलू! सुकेळी काय झकास झालीत गं. रूमवरच्या सगळ्यांनी खाल्ली.”

“हिल्डाला माझं नाव तू दिलंस?”

लाइनवर खरखर होती. पपा माझ्याकडे बघत होते. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

“कोण म्हणालं?”

“हो की नाही ते सांग.”

“हे बघ, सेलू, तू उद्या लग्न करून जाशील. पपा किती वर्षं बघणार वाडीकडे? मी परत येऊन केळी लावणार नाही. मग कधीतरी विकायचंच आहे, तर आज चांगला भाव...”

“मला विचारलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

हिल्डाच्या बोलण्याचा अर्थही तोच होता. दोघांनाही मी पूर्ण माहीत होते. मी काय निवडेन, काय लिहीन, कशाला नाही म्हणेन, हे सगळं त्यांनी आधीच धरलं होतं. पपांनी हात पुढे केला. “दे ना माझ्याकडे,” ते म्हणाले.

“पपांना काही बोललीस का?” सिरिलने घाईघाईने विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती. लहानपणी काच फोडल्यावर असायची तशी.

मी फोन पपांच्या हातात दिला.

“जेवलास का रे, बाळा?” पपा म्हणाले.

दहांपैकी चौघांनी सह्या परत घेतल्या. रोजा आणि दोमेतील त्यांच्यात होत्या. इजाबेल मावशीने कळवलं, ‘पोरी, कॅसेट रोज ऐकते, पण मुलांनी ठरवलंय, आता माझ्या हातात काही नाही.’ बस्त्याव काकांनी उत्तरच पाठवलं नाही. कंपनीची माणसं त्या चौघांसकट ज्याच्या त्याच्या घरी जाऊन पुढचे कागद करून आली. पपांनी शेवटपर्यंत सही केली नाही; त्यांचा तुकडा कंपनीच्या भिंतीच्या आत एकटा राहिला. दोन पावसाळ्यांनंतर डंपर आले. बावखल भरायला नऊ दिवस लागले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि केळी पिवळी पडू लागली. हिल्डा त्याआधीच बोरिवलीला राहायला गेली होती.

गावात सगळे म्हणायचे, सेलिन टीचरने भेटी पाठवल्या आणि वाडी घालवली. तोंडावर कोणी बोलत नसे. पत्रं लिहून घ्यायला येणारे मात्र कमी झाले. पपा लोकांना सांगायचे, “तिला फसवलं हो. माझ्या दोन्ही पोरांना फसवलं.” मी ते तसंच राहू दिलं. त्यांना एकच मुलगा होता.

२००१मध्ये पपा गेले. महिन्याच्या मिस्साला सिरिल मस्कतहून बायकोला घेऊन आला. मिस्सा झाल्यावर नातेवाईक घरी जमले. पंधरा-वीस माणसं ओसरीवर आणि आतल्या खोलीत बसली होती. माहीमहून बस्त्याव काकाही आले होते, सुनेचा हात धरून. सात वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या घरात पाऊल ठेवत होते. त्यांना आता कमी ऐकू येत होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत ते बसले होते.

कोणीतरी खिडकीतून बाहेरच्या चार मजली इमारतींकडे बघून म्हणालं, “इनासच्या जिवाला हीच गोष्ट लागली.”

सिरिल दाराशी उभा होता. “झालं ते झालं,” तो म्हणाला. “आमची सेलिन भोळी. तिला काय कळणार होतं त्या लोकांचं कपट? पपांनी तिला कधी बोल लावला नाही, मीपण नाही लावला. आम्ही घरच्यांनी तिला केव्हाच माफ केलंय.”

सगळ्यांनी माना हलवल्या. एका काकूने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी सिरिलकडे पाहिलं. तो नजर चुकवेल असं मला वाटलं होतं. त्याने चुकवली नाही. प्रेमाने हसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो खोटं बोलत नव्हता. सात वर्षं मी गप्प राहिले, तेवढ्यात त्याच्यासाठी ते खरं होऊन गेलं होतं.

“दादा,” मी म्हणाले, “हिल्डाला माझं नाव कोणी दिलं होतं, ते सांग ना सगळ्यांना. भेटी पाठवायचं कोणाला सुचलं होतं, तेही सांग.”

सिरिलच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “आज हा विषय नको, सेलू. पपांचा दिवस आहे.”

“पपांसाठीच गप्प होते मी.”

एक जण उठून चपला शोधू लागला. काकूने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. कपबशा वाजायला लागल्या.

कोपऱ्यातून बस्त्याव काकांनी मान वर केली आणि सुनेला विचारलं, “काय म्हणाली ती?”

सुनेने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, जरा मोठ्याने. सिरिल म्हणाला, “काही नाही, काका. तुम्ही चहा घ्या.”

मी माझी खुर्ची उचलली, लोकांमधून वाट काढत काकांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसले. त्यांच्या कानाशी वाकले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी त्यांना सांगायला लागले.